आधी उत्तर, मग गाडी

"थांब, चढू नको. आधी सांग."

मुरबाडच्या रस्त्यावर मामांच्या बैलगाडीला हात करणाऱ्याला हे ऐकावंच लागे. गाडी थांबली तरी मामा थांबत नसत. आसुडाचा दांडा पोटरीवर आपटत जागच्या जागी चुळबुळत. "मुंबईचा लाटसाहेब कुणाचं उष्टं पाणी पितो? पटकन सांग, बैल खोळंबलेत!" पाहुणा गांगरला की स्वतःच ओरडत, "आमच्या म्हशींचं! तानशाच्या तलावात डुंबतात, तेच पाणी नळानं जातंय मुंबईला. चाल आता बाजूनं." कुणाला उत्तर आलंच, तर मात्र तोंडभर हसून म्हणत, "बरोबर! बस गाडीत."

उत्तर न येणाऱ्यालाही फार चालावं लागत नसे. पहिल्या वळणाशी मामांनाच दया येई आणि ते त्याला वर चढवत. स्वतः मात्र चाकाशेजारून चालत. बसणं ही ज्याला शिक्षा वाटते असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आमच्याकडे तो हा होता.

मी तेव्हा मुरबाडच्या एका भातगिरणीत कारकून होतो. मामा भाताची पोती घेऊन येत आणि तोलून होईपर्यंत अंगणात येरझाऱ्या घालत. त्यांच्यामुळे माझी बेरीज हमखास चुकायची. त्यांचे सवाल कुठून कुठून गोळा केलेले असत. आसनगावच्या टेसणावरून, जंगलखात्याच्या गार्डाकडून, नाहीतर भज्यांच्या पुडीच्या कागदावरून. त्यातले निम्मे साफ खोटे.

"भाऊ, उंट जन्मात एकदाच पाणी पितो. ठाऊक हाय?"

"मामा, हे खोटं आहे."

"तुमी उंट बघितलाय?"

"नाही."

"मंग?" म्हणत ते पुढच्या पोत्याकडे वळत. मी चरफडत बसे.

बायको गेल्यापासून त्यांची मुलगी भागी गाडीतच वाढली. पोत्यांवर पाय सोडून बसायची आणि बापाचा सवाल पुरा व्हायच्या आत उत्तर पुटपुटायची. "तू गप गो!" ते डाफरायचे. पण सवाल घालताना डोळे आधी तिच्याकडेच जायचे. बाकी जग त्यांच्या लेखी मधल्या मधे उभं होतं.

एकदा गार्डानं त्यांना सांगितलं की उंबराचं फूल रात्री-बिरात्री फुलत नाही, ते फळाच्या आतच असतं. मामांना कुठला दम निघतोय! गिरणीच्या मागच्या उंबरावरून कच्चं फळ तोडलं, नखानं फोडलं, आणि बापलेक डोक्याला डोकं लावून आतले बारीक तुरे बघत राहिले. "सगळी फुलंच रे बा!" भागी म्हणाली. सांगायला हरकत नाही, ही गोष्ट मात्र खरी निघाली.

आमच्याकडे लग्नात वऱ्हाड मांडवाच्या दाराशी आलं की मुलीकडचे त्याला अडवून एक सवाल घालतात. सगळा थट्टेचा मामला. उत्तर नाही आलं तर नारळ हातावर ठेवायचा आणि आत शिरायचं. गावातल्या प्रत्येक लग्नात अडवायला मामाच उभे असत.

भागीच्या लग्नातही तेच उभे राहिले. वऱ्हाड वैशाखरे गावाहून होतं, उन्हानं करपून आलेलं. मामांनी विचारलं, "उंबराचं फूल कुठं असतं?"

कुणी म्हणालं ते देवालाच दिसतं, कुणी म्हणालं पाताळात. हसणं झालं. नवऱ्याच्या काकानं नारळ पुढे केला.

"नारळ नको. जबाब द्या," मामा म्हणाले.

लोक पुन्हा हसले, मग हसेनासे झाले. लग्न लावणारी धवलारीण गाणं अर्ध्यावर सोडून बघत राहिली. मामांची बहीण म्हणाली, "दादा, पुरं झालं रे, वाट सोड." ते हलले नाहीत. पाय मात्र थडथडत होता. काकाचा चेहरा उतरला. "आमचा अपमान करायला बोलावलंत? उठा रे, गाड्या जुंपा!" खरंच दोघं बैलांकडे निघाले. हा माणूस पोरीचं लग्न मोडतोय हे मला दिसत होतं, आणि का मोडतोय हेही दिसत होतं. त्याला तिला धाडायचं नव्हतं. एवढं साधं वाक्य त्याला बोलता येत नव्हतं, म्हणून तो सवाल घालून उभा होता.

तेवढ्यात भागीच बाहेर आली, हळदीनं माखलेली, मुंडावळ्या बांधलेली. बायका "अगो, अगो" करत मागे धावल्या. मांडवाच्या मेढीला उंबराची डहाळी बांधली होती. तिनं त्यातलं कच्चं फळ तोडलं, नखानं फोडलं आणि काकापुढे धरलं.

"हे बघा फूल." मग बापाकडे न बघता म्हणाली, "बा, आता वाट सोड."

मामा बाजूला झाले. लग्न लागलं, जेवणं झाली, तरी ते मेढीला टेकून उभेच होते.

निघताना गाडी जुंपली गेली आणि भागीचा पाय उचलेना. बापाच्या सदऱ्याची बाही तिनं मुठीत धरली होती. सगळे समजावून थकले. शेवटी मामांनी एकेक बोट करून ती मूठ सोडवली.

"बरोबर," ते म्हणाले. "बस गाडीत."

ती बसली. ते चाकाशेजारून शिवेपर्यंत चालत गेले.

त्यानंतर मामांनी कुणाला सवाल घातला नाही. हात केला की गाडी थांबे, माणूस चढे, मामा चालत राहत. मी एकदा मुद्दाम म्हटलं, "विचारा की काहीतरी."

"जबाब देणारी गेली, भाऊ," ते म्हणाले.

आता मामाही नाहीत. त्या रस्त्यानं सर्व्हिस मोटार धावते. हात केला की थांबते. मी चढतो, खिडकीशी जागाही मिळते, पण पहिल्या वळणापर्यंत मला नीट टेकवत नाही. वाटतं, आपण उत्तर न देताच बसलो.