वडिलांच्या रकान्यातील नाव

“वकीलसाहेब, दाखल्यावर बाप दिसतोय ना. मग मुलगी अनाथ कशी?”

महिला व बालविकास कार्यालयातल्या लिपिकाने वनिताचा शाळा सोडल्याचा दाखला माझ्यापुढे सरकवला. वडिलांच्या रकान्यात ‘दत्ताराम’ असे स्वच्छ अक्षरात लिहिले होते. वनिता अंजूरजवळच्या बालगृहात तान्ही असल्यापासून वाढलेली. तिथल्या मुली मला आजोबा म्हणतात; निवृत्तीनंतर मी त्यांची कागदपत्रे करून देतो. तिला भेटायला कधी कोणी आले नव्हते. तिला नर्सिंगला जायचे होते. तिथली अनाथांसाठी राखीव जागा मिळवायला अनाथ प्रमाणपत्र, म्हणजे आई-वडील अज्ञात असल्याचा सरकारी कागद, लागतो. मुदतीला नऊ दिवस उरले होते.

“हा दत्ताराम कोण हाय, आजोबा?” रिक्षात तिने विचारले.

“तेच शोधतो. ज्याने लिहिले त्याला सोडणार नाही.”

भिवंडी कोर्टात मी छत्तीस वर्षे वकिली केली. त्याच दुपारी जिल्हाधिकाऱ्यांना तीन पानी पत्र लिहिले. निराधार मुलीस काल्पनिक पिता चिकटवणाऱ्या बेजबाबदार व्यक्तीवर कठोर कारवाई व्हावी, अशी मागणी केली. एक प्रत बालगृहाला पाठवली.

दुसऱ्या दिवशी बालगृहाच्या अधीक्षिका जुनी फाईल घेऊन वनितासह घरी आल्या.

“साहेब, रागावू नका. आधी हे वाचा.”

पिवळा पडलेला टंकलिखित कागद. ‘रकाना रिकामा ठेवल्यास शाळा प्रवेश नाकारते. सबब मुलींच्या हितासाठी वडिलांचे कोणतेही प्रचलित नाव लिहिण्यास हरकत नसावी.’ खाली बालगृहाचा कायदेशीर सल्लागार म्हणून माझा शिक्का, माझी सही.

मला त्यातले काहीही आठवत नव्हते.

“किती मुलींना लावलेत हे नाव?”

“आठ जणींना. दत्ताराम आपल्या बालगृहाचा माळी होता. दुसरं नाव कोण शोधत बसणार?”

वनिता माझ्याकडे रोखून पाहत होती. “म्हणजे माझे वडील तुम्ही ठरवलेत होय? मग आता काढून पण टाका. आठच दिवस हायत.”

मी प्रतिज्ञापत्र केले: नाव काल्पनिक, सल्ला माझा. सोबत बालकल्याण समितीचा मूळ आदेश जोडला. त्यात ‘पालक अज्ञात’ अशी नोंद होती. अधिकारी म्हणाले, “तक्रारदारही तुम्हीच आणि आरोपीही तुम्हीच?” मी मान हलवली.

प्रमाणपत्र मुदतीच्या आदल्या दिवशी मिळाले. वनिता आता नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे.

उरलेल्या सात जणींपैकी पाच सापडल्या. चौघींचे अर्ज मी केले. कामतघरला राहणाऱ्या पाचवीने ठाम नकार दिला. तिच्या लग्नपत्रिकेवर ‘दत्ताराम यांची कन्या’ असे छापले होते. “एवढं एक नाव हाय माझ्याकडं, ते न्हाय देणार,” ती म्हणाली.

कोणाच्या आयुष्याचा रकाना भरण्याचा सल्ला देणे सोपे असते. तो खोडायचा की नाही, हे मात्र त्या माणसालाच विचारावे लागते.