आंघोळीचं हसू

आमच्या इंग्रजी बोलायच्या क्लासमध्ये काल शेजारच्या शोभाताई धीर करून उठल्या आणि म्हणाल्या, ‘आय डू बाथ.’ सगळा क्लास खो खो हसला. इंग्रजीत आंघोळ करत नाहीत, घेतात, असं मॅडमनी समजावलं. ते ठीकच; शब्दांच्या जोड्या कानावर पडून पडूनच तोंडात बसतात. पण त्यात दात काढण्यासारखं काय होतं? शोभाताई कसनुशा होऊन खाली बसल्या, त्या पुन्हा बोलल्याच नाहीत.

क्लास सुटला. सर्वांत मोठ्यानं हसलेली मुलगी जिन्यात फोनवर सांगत होती, ‘आई, आल्यावर आधी आंघोळ घेते, मग जेवते.’

अगं, मराठीत आंघोळ करतात! आता हसा की कुणीतरी! जिना माणसांनी भरला होता. कुणालाच हसू आलं नाही.