नाही म्हणणारा डबा

तुमच्या घरात तुम्हाला तोंडावर 'नाही' म्हणणारं कोणी आहे का? कुंभकोणमला आमच्या शेजारच्या मामांकडे होतं. एक पत्र्याचा डबा.

मामा निवृत्त बँकवाले, जुन्या तंजावरी मराठीत बोलणारे, आणि हॅम रेडिओचे, म्हणजे घरच्या बिनतारी सेटवरून दूरच्यांशी बोलण्याचे, वेडे. माडीवर त्यांचा सेट, शेजारी सेटचा जोर वाढवणारा, काचेच्या व्हॉल्व्हचा जाडजूड अॅम्प्लिफायर, आणि अॅम्प्लिफायर व अँटेना यांच्यामध्ये तो डबा. मामा रंगात येऊन बोलत असले की मध्येच 'टक्' व्हायचं, लाल दिवा लागायचा, आवाज बंद. मामा निमूट माइक खाली ठेवायचे. "हिला पसंत नाही."

ही म्हणजे मामी. त्या पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या. लग्नानंतर मामांनी एकदा अँटेनाची केबल न जोडताच पूर्ण जोरात बोलायला सुरुवात केली होती. बाहेर पडायला वाट न मिळालेली शक्ती उलटी फिरली आणि कोरा व्हॉल्व्ह गेला. मामी भांडल्या नाहीत. त्यांनी डबा केला. शक्ती जास्त उलटी यायला लागली की तो अॅम्प्लिफायरच बंद पाडायचा. "हे ऐकत नाहीत, मशीन तरी ऐकेल," असं त्या हसून सांगायच्या.

मामी गेल्या. मामांचं वाक्य बदललं नाही. केबलच्या जोडात ओल शिरली की दिवा लागे, मामा "हिला पसंत नाही" म्हणत गच्चीवर जात आणि धोतराच्या सोग्याने जोड पुसून येत.

"मामा, दिवा आहे हो तो."

"दिवाच की! पण लावतें कोण?"

मी तेव्हा पत्रकं लिहायचे. सफाई कामगारांच्या पगारावर, पाण्यावर, सगळ्यावर. मामांना वाचून दाखवलं की ते डोळे मिटून ऐकायचे. लाडाने बाळ म्हणावं तसं मला तमिळमध्ये 'कण्णा' म्हणायचे. "कण्णा, एवढे उद्गार? ही असती तर केव्हाच लाल दिवा लावती." मी चिडायचे. घरी येऊन गुपचूप उद्गारचिन्हं खोडायचे.

मग ते वादळ आलं. वीज गेली, फोन गेले, मामांचं नारळाचं झाड त्यांच्याच अँटेनावर कोसळलं. शेजारच्या जनरेटरवर सेट चालू केला, तर तिरुक्करुगावूरच्या शाळेत अडकलेल्या एका हॅमचा क्षीण आवाज आला. एका बाईला कळा सुरू झाल्या आहेत, रस्ता पाण्याखाली आहे, होडी हवी. होड्या तंजावरला होत्या, आणि त्याचा आवाज तिथवर पोचत नव्हता. तो निरोप मामांनीच पुढे द्यायचा होता.

मामांनी कमी जोरावर हाक दिली. पलीकडे नुसती खरखर. जोर वाढवला, तर झाडाखाली वाकलेली अँटेना शक्ती उलटी पाठवायला लागली. टक्. लाल दिवा. पुन्हा वाढवला. टक्.

त्यांनी डब्यावर तळवा ठेवला. "अगे, आज मजला एवढं बोलूं दे." मग दोन्ही केबली डब्यातून काढून एकमेकींना जोडल्या.

"मामा, जळेल सगळं!"

"हिला मी नंतर सांगतों."

ते बोलले. एकेक शब्द सावकाश, दोनदा. खोलीत जळका वास पसरायला लागला. तंजावरहून उत्तर आलं, "मिळालं. होडी निघाली." लगेच अॅम्प्लिफायरमध्ये तडतडलं, धूर निघाला, संपलं.

मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. ती बातमी ऐकून मामा लहान मुलासारखे रडले.

"नवे व्हॉल्व्ह आणूया," मी म्हटलं.

"व्हॉल्व्ह मिळतील, कण्णा. अॅम्प्लिफायरच्या आतलं वाइंडिंग, तारेचा एकेक वेढा, हिच्या हातचा होता."

डब्याला काही झालं नव्हतं. मामांनी तो पुन्हा जळक्या अॅम्प्लिफायरला जोडला आणि रोज त्याच्यासमोर बसू लागले. दिवा कसा लागणार? एकदा मी कॉफी घेऊन गेले, तर हलक्या आवाजात म्हणाले, "बोलत नाही. रागावली आहे." सगळ्या गावाला समजावणारी मी, कॉफी डब्याशेजारी ठेवून खाली आले.

आडी महिन्यात, आपल्या आषाढ-श्रावणाच्या सुमारास, मामा गेले. पुतण्याने माडी रिकामी केली, अॅम्प्लिफायर भंगारात घातला. डबा मी मागून घेतला. तो माझ्या टेबलावर आहे, ठणठणीत आहे, आणि गप्प आहे. हल्लीच मला हॅमचा परवाना मिळाला.

तुमच्याही माळ्यावर कुणा गेलेल्या हॅमचा अॅम्प्लिफायर धूळ खात पडला असेल. तो भंगारात देऊ नका. माझ्याकडे आणून द्या. मी त्याला हा डबा जोडेन आणि अँटेनाची केबल न लावताच जोरात बोलेन. मामींना एकदा नाही म्हणू द्या.