धाकटीचं पुढे काय झालं?

अन्याय झाला तो माझ्या मावसबहिणीवर, वसुधावर. गेल्या वर्षी, एक्याऐंशीच्या गणेशोत्सवात, गौरी-विसर्जनाच्या संध्याकाळी, आरती झाल्यावर, देवासच्या आमच्या मराठी मंडळाच्या मंडपात. हे आधीच लिहून ठेवतो, कारण ‘तसं काही झालंच नाही’ म्हणणारे आता निघाले आहेत.

वसु सतरा वर्षांची. तिने मुलांसाठी एक अद्भुतरम्य कादंबरी लिहिली. हिंदी शाळेत शिकलेल्या आमच्या पोरांना मराठी वाचायचा कंटाळा, म्हणून ती उत्सवात रोज एक प्रकरण वाचून दाखवायची. एका टेकडीवर दोन बहिणी राहतात. खालच्या नगरीतलं पाणी आटतं. डोंगर म्हणतो, एकीने आपलं नाव मला द्यावं, मग झरा फुटेल. पण ती कुणालाच आठवणार नाही, सख्ख्या बहिणीलासुद्धा. धाकटी नाव देऊन टाकते. वसु इथवर आली आणि मंडळाचे अध्यक्ष अण्णासाहेब उठले. देवासच्या टेकडीवरही थोरली आणि धाकटी अशा दोन देवी-बहिणीच आहेत. “आमची देवी विसरली जाते? मंडपात हा अभद्रपणा? बंद करा!” लोक प्रसाद घेऊन घरी गेले. पुढे काय झालं, हे एकानेही विचारलं नाही.

मी चवताळलो. कारखान्याच्या फाटकावर पत्रकं वाटत मोठा झालेला माणूस मी, दुसरं काय करणार? सायक्लोस्टाइलवर निषेध छापला, घरोघरी टाकला. पानवाला म्हणाला, “भिया, देवीशी पंगा नको घेऊ.” देवीशी नव्हे हो, अण्णासाहेबांशी! पण ऐकतो कोण? आणि इकडे वसु चार दिवसांनी म्हणाली, “दादा, देवीला आवडली नसेल तर तिचं तिला परत करते. नर्मदेत सोडते.” दुसरी प्रत नव्हती. मी ओरडलो, समजावलं, हात जोडले. ती ढिम्म. शेवटी तिच्यासोबत नर्मदाकाठच्या धरमपुरीच्या बसमध्ये बसलो. वाटलं होतं, घाटावर हिसकावून घेईन.

नदी पुराची, गढूळ, पायऱ्या गिळून बसलेली. वसुने फडक्यात बांधलेले कागद काढले, डोळे मिटले. आणि मला, सांगतो, हात उचलवेना. एवढ्यात मागून दटावणी आली, “ए छोरी, मैया में क्या डाल रही है?” नर्मदेच्या परिक्रमेला निघालेली एक म्हातारी होती. चातुर्मास म्हणून परिक्रमेतले लोक जिथे असतील तिथे मुक्काम करतात. तिचा तो धरमपुरीत पडला होता. रोज ती वरच्या देवळात बसायची. त्या दिवशी घोटा सुजला म्हणून खालीच टेकली होती. योगायोग म्हणा. मी भांडणार नाही.

वसुने सगळं सांगितलं. म्हातारीने अण्णासाहेबांबद्दल एक अक्षर विचारलं नाही. तिने विचारलं, “फिर छोटी का क्या हुआ?”

वसुने हातातल्या कागदांकडे पाहिलं. म्हातारी म्हणाली, “पढ़ ना! भगवान के आगे खोली हुई कथा आधी नहीं छोड़ते. पहले पूरी कर, फिर बहा दे, मैं कौन रोकने वाली.”

वसु वाचू लागली. मराठीत. म्हातारी अडली की मी हिंदीत सांगायचो. झरा फुटतो. नगरी नाचते. थोरलीला काहीच आठवत नाही. पण रोज जेवताना ती दोन पानं वाढते. लोक वेडी म्हणतात. कुणासाठी वाढते, तिलाही ठाऊक नाही. तरी वाढते. म्हातारीने पदर डोळ्यांना लावला. “तो भूली कहाँ? इसी को तो भगती कहते हैं, बावली!” मग माझ्याकडे वळून, “और तू क्या मुँह फाड़े खड़ा है? मेरा कमंडल भर ला.”

मी भरून आणला. वसुने कागद पुन्हा फडक्यात बांधले, नदीला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, “चल दादा, बस चुकेल.”

अन्यायाशी लढायचं असतं, हे मी आजही म्हणतो, पत्रकंही छापणार. पण मी मुठी आवळून जे वाचवू शकलो नाही, ते वसुने ओंजळ उघडली तेव्हा तिच्या ओंजळीतच राहिलं. त्या माईचं नाव मी विचारलं नाही. रोज तिला मनात नमस्कार करतो. तिला आणि तिचा घोटा सुजवणाऱ्या त्या नर्मदामैयालाही.

आता तुम्ही. हो, तुम्हीच, त्या संध्याकाळी प्रसाद घेऊन उठून गेलेले. या उत्सवात वसु कादंबरी पुरी वाचणार आहे. मंडप दिला तर मंडपात, नाही तर आमच्या ओट्यावर. पोरांना घेऊन या. आणि तिने शेवटचं पान ठेवेपर्यंत जागेवरून उठू नका.