उटण्याची पुडी

“दीदी, थोड़ा लाइट कम करो ना.” माझ्या खोलीत शिरली की ती आधी हे म्हणायची आणि मी उठायच्या आत स्वतःच पडदा ओढायची. दिल्लीत मुनिरकातल्या त्या भाड्याच्या खोल्यांत भरदुपारी जेमतेम वीतभर ऊन यायचं. तेवढंही तिला खपत नसे.

ती केनियाची, पीएच.डी. करायला आलेली, माझ्या समोरच्या खोलीत राहायची. उंच, काळीभोर. हसली की जिन्यापर्यंत ऐकू यायचं. गल्लीतली पोरं मागून काहीबाही ओरडत, दुकानदार न विचारता गोरं करणारं क्रीम पुढे सरकवी. “रोज़ वही, दीदी. थक गई,” म्हणत ती माझ्या पोह्यांतले शेंगदाणे आधी वेचून खायची.

तिचा एक मित्र होता, लखनौचा, भला माणूस. तो यायचा असला की खिडकीला पडद्यावर चादर आणि डोक्यावर केसांचा टोप. “वो छूता है, और मैं सोचती हूँ, अभी कैसी दिख रही हूँ. कुछ महसूस ही नहीं होता,” एकदा ती म्हणाली. मीही काळीच. माझा मोडलेला संसारही बारा वर्षं अंधारातच झाला होता.

दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी ती आली, डोक्याला टोप नाही, पडद्याला हात नाही. “कल चादर नहीं लगाई, दीदी. पहली बार मैं सच में वहाँ थी, उसके साथ.” आणि लाजली, चक्क.

मला इतका आनंद झाला, की आईने पुण्याहून पाठवलेली उटण्याची पुडी मी तिच्या हातात कोंबली. “पहिल्या आंघोळीला लावतात आमच्यात. लगाना, रंग निखरता है.” लहानपणापासून दर दिवाळीला ऐकलेलं वाक्य, सवयीने तोंडातून गेलं.

तिचं हसू तिथेच विरलं. “आप भी, दीदी?” एवढंच म्हणाली. जाताना माझा पडदा ओढून गेली.

मी खूपदा माफी मागितली. “कोई बात नहीं,” ती दर वेळी म्हणायची. पण तिच्या खिडकीला चादर पुन्हा लागली. पुढे मित्र येईनासा झाला. का, ते विचारायचा धीर मला झाला नाही.

प्रबंध संपवून ती गेली, तेव्हा मालकाने तिची खोली उघडली. मी आत जाऊन खिडकीवरची चादर काढली. कट्ट्यावर पुडी होती, न फोडलेली. गल्लीतल्या पोरांकडून तिची काही अपेक्षा नव्हती. माझ्याकडून होती.