ओढायचा श्वास

अब्दुवाहिदचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू होई. उझबेकिस्तानातल्या मार्गिलानमध्ये लग्नाचा पुलाव पुरुषमंडळी उजाडताना जेवतात, आणि पाहुण्यांचं स्वागत करायला करनायवाला लागतो. करनाय म्हणजे माणसापेक्षा लांब पितळी तुतारी. बावीस वर्षं तो ती फुंकत होता.

त्याची मुलगी हुमोरा तेरा वर्षांची. सहाव्या वर्षी तिला रक्ताचा कॅन्सर झाला, आठव्या वर्षी ती त्यातून बरी झाली. आता मात्र शाळेचा जिना चढताना अर्ध्यावर कठडा धरून उभी राही. आजार परतला, या भीतीने अब्दुवाहिदने तिला दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, ते चांगलं निघालं. व्यायाम शिकवणाऱ्या मावजुदा आपा म्हणाल्या, श्वासाचे स्नायू दुबळे पडलेत. रोज चालायचं, आणि स्प्रिंगच्या या नळीवर सकाळ-संध्याकाळ तीस श्वास. पुढचं त्याने नीट ऐकलंच नाही. करनायवाल्याला श्वास काय शिकवायचा?

लग्नावरून आला की तो तिच्यासमोर बसे. "नाकानं घे, पोटातून फुंक. मोज." तीस झाल्याशिवाय उठू देत नसे. एक दिवस चुकवला नाही.

महिन्याने दवाखान्यात तिच्या श्वासाचा जोर मोजला. आकडा जागच्या जागी, बेचाळीस. अब्दुवाहिद पुढे सरकला.

"आपा, खरं सांगा. परत आलंय का ते?"

"आधी करून दाखव गं," आपा म्हणाल्या.

हुमोराने नळी तोंडात धरून गाल फुगवले.

"हे कोणी शिकवलं?"

"बाबांनी."

"उस्ताद, ही तुमची तुतारी नाही. हिची स्प्रिंग श्वास आत ओढताना अडवते. फुंकताना वाट मोकळी. महिनाभर पोरीनं वाऱ्याला वारा घातला."

"मी सांगत होते, जोरच लागत नाही," हुमोरा म्हणाली. "तर म्हणे, आळशी आहेस."

आपांनी दुसरी नळी त्याच्यापुढे केली. त्याने ओढून पाहिली. दहाव्या श्वासाला बरगड्या भरून आल्या.

पुढचे दोन महिने तो रोज तिचे ओढलेले श्वास मोजत राहिला, पण धास्ती काही सुटली नाही. शेवटी आकडा बेचाळीसवरून एकसष्टवर गेला. हुमोरा न थांबता जिना चढली.

दवाखान्याची नळी दुसऱ्या मुलासाठी परत करायची होती. व्यायाम सोडला तर स्नायू पुन्हा ढिले पडतात, असं आपांनी बजावलं होतं. शरदातल्या लग्नांच्या कमाईतून अब्दुवाहिदने ताश्कंदहून हुमोराची स्वतःची नळी मागवली.