पेठकडच्या पिकअपचं इंजिन

आमच्या पिकअपचं इंजिन जाम झालं, तेव्हा माझे वडील, आप्पा, देवळ्याहून नाशिकला माझ्याकडे आले. गाडी सतरा वर्षांची. मेकॅनिकने सांगितलं होतं, यात आता काही राहिलं नाही, जुनं चांगलं इंजिन मिळतंय का बघा. मी शाळेत शिकवते. रविवार होता, म्हणून त्यांच्यासोबत भंगार बाजारात गेले.

दुकानदाराने आधी एक धुऊन रंगवलेलं इंजिन दाखवलं. आप्पांनी त्याला हातही लावला नाही. "रंग कशाला दिला?" एवढंच विचारलं.

मागे आमच्याच मॉडेलची एक अख्खी पिकअप उभी होती, त्याच सकाळी तोडायला आलेली. तिच्याजवळ एक बाई कागदांची पिशवी पोटाशी धरून उभी होती. पेठ तालुक्याकडची. गाडी तिचा नवरा चालवायचा. दोन महिन्यांपूर्वी तो काविळीने गेला, असं दुकानदारानेच सांगितलं.

आप्पांनी सरळ तिलाच विचारलं, "ताई, इंजिन कसं हाय?"

"चांगलं हाय, भाऊ. पण मागून ऑइल गळतं. ते रोज खाली डबा ठेवायचे."

दुकानदार चिडला. "बाई, तुम्ही कशाला मध्ये बोलता?"

"त्यांनी विचारलं, मी सांगितलं," ती म्हणाली.

"सील बदललं की थांबंल ते," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी गाडी चालू करायला लावली.

ऑइलचं झाकण काढून त्यांनी वर तळहात धरला. धूर नव्हता. आवाज एकसारखा होता. मी मात्र त्या बाईकडे बघत होते. ती नकळत दोन पावलं पुढे आली होती, तोंडाला पदर लावून ऐकत होती. दुकानदार इंजिन बंद करायला वाकला, तसे आप्पा म्हणाले, "राहू द्या थोडं."

आम्ही सगळे तसेच उभे राहिलो. शेवटी तीच म्हणाली, "करा बंद."

आप्पांनी तेच इंजिन घेतलं. कागद बघायची वेळ आली, तर तिला कुठला कशाचा ते माहीत नव्हतं. "हे समदं तेच बघायचे," ती म्हणाली. एका टायरवर बसून मी तिला एकेक कागद वाचून लावून दिला.

"गाडीत काय भरता?" जाताना तिने आप्पांना विचारलं.

"कांदा. लासलगावला नेतो."

तिने नुसती मान हलवली.

इंजिन बसलं, आरटीओत इंजिनाचा नवा नंबर चढला. पुढच्या सुट्टीत मी देवळ्याला गेले, तर आप्पांनी आईला अंगणात बोलावलं आणि बॉनेट उघडलं. ऑइल कसं बघायचं, विम्याचा कागद कुठे असतो, मेकॅनिकला फोन कसा लावायचा, सगळं सांगू लागले.

आई संतापली. "मला नका शिकवू हे. तुम्ही हाय ना?"

आप्पांनी ऑइल मोजायची पट्टी ओढून काढली. ती आईपुढे धरून ते उभे राहिले. मग आईने ती हातात घेतली, पदराने पुसली आणि विचारलं, "कुठवर पायजे?"